खोडावर अळंबी दिसली म्हणून झाड तोडू नका, आणि अळंबीही ओरबाडू नका

झाडांची काळजी घेणाऱ्या मंडळींमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: "खोडावर बुरशीची छत्री दिसली म्हणजे झाड संपलं. छत्री लगेच ओरबाडून काढा, जागा तासून स्वच्छ करा, बोर्डो पेस्ट लावा, ढोली असेल तर सिमेंटने बुजवा, मुळाशी ट्रायकोडर्मा ओता. छत्री कोणती हे फोटोवरून कळतं. आतून पोकळ झालेलं झाड महिन्याभरात कोसळतं. उशीर केलात तर शेजारची झाडंही जातील, म्हणून शंका आली तरी तोडून टाका."

पाठवणाऱ्यांना झाडांची काळजी आहे म्हणूनच ते पाठवतात. पण यातल्या बहुतेक सूचनांनी झाडाचं नुकसान होतं, नाहीतर तपासणीसाठी लागणारा पुरावा नाहीसा होतो. या गोंधळात चांगली झाडं तोडली जातात आणि खरोखर धोक्याची झाडं पेस्ट फासून तशीच उभी राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. मजकुरात जिथे तथ्य आहे तिथे तेही सांगू.

"छत्री दिसली म्हणजे झाड संपलं"

खोडावर दिसतं ते बुरशीचं फक्त फळ. तिचं खरं शरीर म्हणजे लाकडाच्या आत पसरलेलं तंतूंचं जाळं, आणि फळ धरण्याआधी ते बहुतेक वेळा कित्येक वर्षं आत वाढत असतं. कुजलेल्या लाकडातून बुरशी आपोआप निर्माण होते, अशी जुनी समजूत होती. रॉबर्ट हार्टिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात लाकडातले तंतू आणि बाहेरची अळंबी यांचा संबंध दाखवून दिला आणि कूज बुरशीमुळे होते हे सिद्ध केलं. म्हणजे छत्री आज दिसली म्हणून आजार आज लागला असं नाही, आणि कालपर्यंत दिसत नव्हती म्हणून झाड काल निरोगी होतं असंही नाही.

आता झाड मरतं केव्हा ते पाहू. जाड खोडाच्या मधल्या गाभ्यात जिवंत पेशी नसतात. पाणी वर चढतं ते बाहेरच्या लाकडातून, अन्न उतरतं ते अंतरसालीतून, आणि दोघांच्या मध्ये कॅम्बियमचा पातळ जिवंत थर असतो, ज्याच्यामुळे खोड जाड होतं. गाभा कुजवणारी बुरशी झाडाच्या जिवंत भागाला हात न लावता पुष्कळ वर्षं जगू शकते. वरचा घेर हिरवागार, नवी पालवी वेळेवर, आणि आतून लाकूड पोखरलेलं, हे चित्र अगदी नेहमीचं आहे. उलट आर्मिलारियासारखी बुरशी सालीखाली शिरून कॅम्बियम मारते, आणि तिथे झाड खरोखर मरणाच्या वाटेवर असतं.

म्हणून अळंबी दिसली की दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: झाड जगेल का, आणि झाड उभं राहील का. मजकुरात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. क्रेट्झश्मारिया ड्यूस्टा ही बुंधा कुजवणारी बुरशी लागलेलं झाड पानांनी भरलेलं असतानाच बुंध्यापाशी कडकन मोडू शकतं. याउलट गाभ्यात लेटिपोरस ही गाभा कुजवणारी बुरशी असलेलं झाड बाहेरचं लाकूड जाड आणि शाबूत असेल तर पुढची कित्येक वर्षं निर्धास्त उभं राहू शकतं.

झाड हातपाय गाळून बसत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी-आडवी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये हॅरोल्ड मार्क्स यांच्यासोबत कुजीला झाड कसं कोंडतं याची मांडणी केली. जखम झाली की झाड चार भिंती घालतं. पहिली भिंत पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवून कूज वर-खाली पसरू देत नाही. ही सगळ्यात कच्ची, म्हणून कूज खोडात उभी लांब जाते. दुसरी वार्षिक वलयांच्या आधाराने आतल्या बाजूला अडवते, तिसरी आडव्या किरणपेशींच्या आधाराने दोन्ही अंगांना. चौथी भिंत जखमेनंतर कॅम्बियम नव्याने घालतं आणि ती सगळ्यात पक्की असते: जखमेच्या वेळचं लाकूड एका बाजूला, नंतर वाढलेलं नवं लाकूड दुसऱ्या बाजूला. झाडाची जखम भरून येत नाही, ती कोंडली जाते. पुढचे निम्मे मुद्दे या एका गोष्टीवर उभे आहेत.

"छत्री लगेच ओरबाडून काढा"

फळ तोडल्याने बुरशी मरत नाही. आतलं जाळं तसंच राहतं आणि पुढच्या अनुकूल हंगामात नवं फळ धरतं. अळंबी काढल्याने प्रसार थांबतो हेही खरं नाही. गॅनोडर्मा या बुरशीची एक मोठी अळंबी दिवसाला अब्जावधी बीजाणू सोडते, आणि तुमच्या नजरेला पडेपर्यंत तिने हे काम पुष्कळ काळ केलेलं असतं. हवेत बीजाणू कायमच असतात. त्यांना वाट मिळते ती जखमांतून.

ओरबाडल्याने नक्की हरवतो तो पुरावा. बुरशी कोणती, किती जुनी, खोडाच्या कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर, हे सगळं ती अळंबी सांगत असते. बहुवर्षायू अळंबी उभी कापली तर नलिकांचे एकावर एक थर दिसतात आणि त्यांवरून वयाचा अंदाज येतो.

आणखी एक बारकाई आहे, जी फार कमी लोक बघतात. अळंबीची छिद्रांची बाजू नेहमी जमिनीशी समांतर वाढते, कारण बीजाणू सरळ खाली पडायला हवेत. जुन्या थराची छिद्रं तिरकी आणि सगळ्यात नवा थर मात्र सपाट आडवा दिसला, तर मधल्या काळात खोड कललं आहे. झाड झुकलेलंच वाढलं की अलीकडे झुकू लागलं, या अवघड प्रश्नाचं उत्तर कधी कधी एका अळंबीच्या कडेवर मिळतं. तीच ओरबाडून कचऱ्यात गेली तर हे कळायला दुसरा सोपा मार्ग उरत नाही.

नमुना हवा असेल तर धारदार सुरीने कडेपासून खोडापर्यंत एक पाचर कापून घ्या. बाकीची अळंबी जागेवर राहू द्या.

"छत्री कोणती हे फोटोवरून कळतं"

वरून काढलेल्या एका फोटोवरून बहुतेक वेळा कळत नाही. टणक, तपकिरी, वरून रेघारेघांच्या अळंब्या वेगवेगळ्या कुळांत आहेत आणि वरून त्या एकसारख्या दिसतात. फरक असतो तो खालच्या बाजूला, आतल्या गरात आणि बीजाणूंत. फोटो घ्यायचेच तर निदान पाच घ्या: पूर्ण झाड, अळंबीची जागा दिसेल असं खोड, अळंबी वरून, अळंबी खालून, आणि कापलेली कड. प्रत्येक जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवा.

पाहणीचा क्रम असा ठेवला तर फारसं काही सुटत नाही. आधी झाड ओळखा. एकच बुरशी एका जातीच्या झाडावर सौम्य आणि दुसऱ्या जातीवर घातक ठरू शकते. मग बुंध्याला पूर्ण फेरी मारा, पालापाचोळा हाताने बाजूला करा, मुळं जिथे खोडातून फुटतात त्या बेचक्यांत पाहा. धोक्याच्या अळंब्या बऱ्याचदा इथेच, गवताआड असतात. खोडाची प्रत्येक जुनी जखम, छाटलेल्या फांदीचा प्रत्येक खुंट बघा. वरच्या फांद्यांसाठी दुर्बीण वापरा. प्रत्येक अळंबीची जमिनीपासूनची उंची, दिशा, रुंदी आणि संख्या लिहून ठेवा. मऊ, एका हंगामापुरत्या येणाऱ्या अळंब्या कोरड्या दिवसांत दिसतच नाहीत, म्हणून एकाच फेरीवर निकाल देऊ नका. ओलसर हंगामाच्या शेवटी एक फेरी हवीच. अळंबी दिसली नाही याचा अर्थ कूज नाही असा होत नाही.

अळंबी हातात आली की आधी खालची बाजू पाहा: छिद्रं आहेत, पट्ट्या आहेत, काटे आहेत की नुसता सपाट पापुद्रा आहे. छिद्रं असतील तर नखाने ओरखडा काढा. गॅनोडर्मा अ‍ॅप्लॅनेटमची ताजी पांढरी छिद्रबाजू ओरखड्याने लगेच तपकिरी होते. फेलिनसच्या बहुतेक जातींत ही बाजू मुळातच तपकिरी असते. मग कापून गराचा रंग बघा: पांढरा, लाकडी, गंजासारखा की गडद तपकिरी. गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ५ टक्के द्रावणाचा एक थेंब टाकला तर फेलिनस, इनोनोटस आणि त्यांच्या कुळातल्या बुरश्या काळ्या पडतात. हातमोजे घालूनच हे करा, ते द्रावण कातडी भाजतं. गडद गराच्या इतर बुरश्याही यात काळपट होतात, त्यामुळे या एका चाचणीवर नाव ठरवू नका.

बीजाणूंचा ठसा घेणं सगळ्यात सोपं, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. कागदाचा अर्धा भाग पांढरा, अर्धा काळा घ्या. अळंबीचा ताजा तुकडा छिद्रं किंवा पट्ट्या खाली करून दोन्ही रंगांवर येईल असा ठेवा, वर वाडगं पालथं घाला आणि रात्रभर हलवू नका. कोकोसारखी तपकिरी भुकटी पडली तर गॅनोडर्माकडे बोट जातं, मलईसारखी पांढरट पडली तर आर्मिलारियाची शक्यता उरते, आणि गंजासारखी केशरी-तपकिरी पडली तर आर्मिलारिया बाद करून जिम्नोपायलससारख्या बुरशीचा विचार करायचा. गॅनोडर्माच्या बाबतीत ठसा बऱ्याचदा निसर्गच घेऊन ठेवतो: अळंबीच्या वरच्या पृष्ठावर आणि भोवतीच्या सालीवर तपकिरी धूळ बसलेली असते. लोक तिला माती समजून पुसून टाकतात.

गॅनोडर्मा अ‍ॅप्लॅनेटम आणि गॅनोडर्मा अ‍ॅडस्पर्सम डोळ्यांना जवळपास सारख्याच. पहिलीचे बीजाणू साधारण ६.५ ते ८.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, दुसरीचे ९ च्या पुढे. हा फरक सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो, आणि तो महत्त्वाचा आहे, कारण दुसरी बुरशी झाडाने घातलेल्या भिंती ओलांडून निरोगी लाकडात शिरू शकते. कोणतंही अ‍ॅप हा फरक फोटोवरून सांगू शकत नाही.

आता बुंध्यापाशी हमखास चुकणाऱ्या काही बुरश्या. क्रेट्झश्मारिया ड्यूस्टा छत्रीसारखी दिसतच नाही. बुंध्यावर आग लागून गेल्यासारखा काळा, खडबडीत, बोटाने चुरा होणारा पापुद्रा असतो. नवी वाढ मात्र राखाडी आणि पांढऱ्या कडेची. डांबर सांडलं असेल म्हणून लोक पुढे जातात, आणि झाडासाठी ती सगळ्यात वाईट बातम्यांपैकी एक असते. आर्मिलारिया पुंजक्याने येते, देठावर बहुधा वळं असतं. अळंबी नसेल तर सुटलेली साल थोडी उचलून बघा: खाली पांढरा, पंख्यासारखा पसरलेला पापुद्रा, अळंबीचा ठसठशीत वास, आणि बुटांच्या नाड्यांसारखे काळे दोर दिसले तर शंका उरत नाही. मेरिपिलस बुंध्याभोवती मोठ्या झुपक्याने येते आणि मुळं खालच्या बाजूने कुजवते. खोडावर कितीही ठोकून पाहिलं तरी तिचा पत्ता लागत नाही.

शायझोफिलम कम्यून जगभर सापडते: १ ते ४ सेंमीचे केसाळ, पांढुरके पंखे, खालच्या पट्ट्या लांबीने दुभंगलेल्या. सुकली की गुंडाळते, भिजली की पुन्हा उमलते. ती दिसली तर बहुधा उन्हाने भाजलेला किंवा आधीच मेलेला सालीचा पट्टा तिच्याखाली असतो. तिच्यावर औषध मारण्यापेक्षा साल का भाजली ते शोधा. अचानक केलेली जबर छाटणी हे नेहमीचं कारण.

नाव लागलं नाही तरी कुजीचा प्रकार कळला तर निम्मं काम झालं. तपकिरी कुजीत बुरशी सेल्युलोज (लाकडाचे धागे) खाते आणि लिग्निन (धाग्यांना बांधून टणक करणारा घटक) ठेवते. लाकूड तपकिरी होतं, चौकोनी तुकड्यांत तडकतं आणि इशारा न देता मोडतं. पांढऱ्या कुजीत लिग्निनही जातं. लाकूड फिकट, तंतुमय किंवा स्पंजासारखं होतं, आधी वाकतं आणि झाडाला त्या जागी जादा लाकूड घालून फुगवटा आणायला वेळ मिळतो. तिसरी मृदू कूज. क्रेट्झश्मारिया या गटातली. तिच्या कुजीत लाकूड चिनीमातीसारखं फुटतं.

नमुना नेहमी कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये तो घामेजून सडतो. ४० अंश सेल्सिअसच्या आसपास खडखडीत वाळवा. झाडाची जात, उंची, दिशा आणि तारीख पिशवीवरच लिहा. कोणत्या झाडावरून आणला हे माहीत नसलेला नमुना ओळखणाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नसतो.

"जागा तासा, बोर्डो पेस्ट लावा, ढोली सिमेंटने बुजवा"

मजकुरातला सगळ्यात घातक भाग हाच आहे. कुजलेलं लाकूड खरवडून "निरोगी लाकूड लागेपर्यंत" तासायचं म्हणजे झाडाने घातलेली भिंतच फोडायची. भिंत फुटली की बुरशीला ताज्या, न कुजलेल्या लाकडात मोकळी वाट मिळते. ढोलीतलं पाणी काढायला खालून भोक पाडलं तरी तेच होतं. आपसूक सुटणारा भुसा हाताने काढायला हरकत नाही, त्यापुढे अवजार लावू नका.

बोर्डो म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचं मिश्रण. त्याचा शोध फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांनी द्राक्षवेलींवरच्या केवड्यासाठी लावला आणि १८८५ मध्ये जाहीर केला. तांबं पृष्ठभागावर बसून बीजाणू रुजू देत नाही, हे त्याचं काम. लाकडात काही सेंटिमीटर आत बसलेल्या तंतूंपर्यंत ते पोचत नाही. शिवाय तपकिरी कूज करणाऱ्या काही बुरश्या ऑक्झॅलिक आम्ल सोडून तांब्याला निष्प्रभ करतात.

मग बोर्डो पेस्टचा उपयोग कुठे? सालीच्या रोगांवर, विशेषतः फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या डिंक्यावर, म्हणजे सालीतून डिंक गळण्याच्या रोगावर. तिथे मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर हे प्रमाण योग्य आहे. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून पाहायचा, तांबूस थर आला तर अजून चुना घालायचा आणि त्याच दिवशी वापरून टाकायचं. पण फायटॉप्थोरा छत्र्या धरतच नाही. म्हणजे छत्री दिसली म्हणून बोर्डो लावणं हे एका रोगाचं औषध दुसऱ्याला देणं झालं.

छाटणीच्या जखमांना डांबर, रंग किंवा पेस्ट फासल्याने कूज थांबत नाही, हे शायगोंच्या प्रयोगांतूनही दिसलं होतं. थर तडकतो, त्याखाली ओल धरते, आणि वरून जखम झाकलेली दिसत असल्यामुळे आत काय चाललंय ते कुणी बघत नाही. जखम कोंडली जावी असं वाटत असेल तर छाटणी नीट करा: फांदीच्या मुळाशी जो फुगीर गळा असतो तो शाबूत ठेवून त्याच्या लगत बाहेर काप घ्या. खोडाला घासून घेतलेला काप गळा नष्ट करतो, आणि लांब ठेवलेला खुंट मरून बुरशीला दार उघडून देतो.

सिमेंटचं म्हणाल तर झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. दोन्हींच्या मधली सापट घासून मोठी होते, तिच्यात पाणी आणि ओल कायम राहते, आतली नवी साल जखमी होते. झाडाला बळकटीही येत नाही, कारण सिमेंट लाकडाशी एकजीव होत नाही. पुढे कधी झाड कापायची वेळ आली तर करवतीची साखळी त्या सिमेंटवर आदळते आणि चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. ढोली उघडी ठेवा. आधीच भरलेली असेल आणि झाड स्थिर असेल तर ती फोडून काढायच्या फंदात पडू नका, झाडावर नुसतं लक्ष ठेवा.

"मुळाशी ट्रायकोडर्मा ओता"

ट्रायकोडर्मा ही इतर बुरश्यांना मारणारी बुरशी रोपवाटिकेत आणि मातीतल्या काही मुळकुजीत प्रतिबंध म्हणून कामाला येते. खोडाच्या गाभ्यात बसलेली कूज माती भिजवून बरी होत नाही. तेवढेच कष्ट मुळांभोवतीच्या मातीवर घ्या: बुंध्यावर चढलेली माती हाताने हटवून मुळांचं फुटणं उघडं करा, ५ ते १० सेंमी जाडीचं आच्छादन घाला पण ते खोडाला टेकू देऊ नका, वाहनं आणि सामान दूर ठेवा. खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येच्या वर्तुळात खोदकाम नको. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर १५७ सेंमी भरला तर व्यास ५० सेंमी, म्हणजे खोडापासून ६ मीटरपर्यंत चर मारायचा नाही. भिंती घालायला झाडाला साठवलेली ऊर्जा लागते, आणि ती निरोगी पानं-मुळंच देतात.

"पोकळ झाड महिन्याभरात कोसळतं"

साधा हिशेब करून बघा. गोल खोडात वाकण्याचा ताण बाहेरच्या कडेला सर्वाधिक आणि मध्यभागी जवळपास शून्य असतो. सालीशिवाय ६० सेंमी व्यासाचं खोड घ्या, त्रिज्या ३० सेंमी. पोकळी बरोबर मध्यभागी असून भोवती ९ सेंमी शाबूत लाकूड असेल तर पूर्ण भरीव खोडाच्या सुमारे ७६ टक्के ताकद उरते. ६ सेंमी असेल तर सुमारे ५९ टक्के. ३ सेंमीवर मात्र ती ३४ टक्क्यांपर्यंत घसरते. शाबूत लाकडाची भिंत त्रिज्येच्या ०.३ पट असावी, हा क्लाउस मॅथेक या जर्मन अभ्यासकांच्या पाहणीतून आलेला अंदाज यामुळेच इतका वापरला जातो.

हा आकडा डोळे मिटून लावू नका. पोकळी एका बाजूला सरकलेली असेल, ढोलीचं तोंड रुंद उघडं असेल, उभ्या भेगा असतील किंवा मुळंच कुजली असतील तर हा हिशेब चालत नाही. आणि फांद्यांचा घेर छाटलेल्या, बुटक्या, जाड बुंध्याच्या जुन्या झाडांना याहून पातळ भिंतही पुरते.

भिंतीची जाडी मोजायची कशी? लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने खोडाभोवती ठोकत जा. ढोलासारखा आवाज आला तर भिंत पातळ असावी, पण सुटलेली सालही तसाच आवाज देते. पुढची पायरी ध्वनी-टोमोग्राफ: खोडाभोवती संवेदक लावून ध्वनी किती वेगाने पोचतो ते मोजतात, कुजलेल्या लाकडातून तो वळसा घालून उशिरा येतो. यात भेगही पोकळीसारखी दिसते आणि क्रेट्झश्मारियाची सुरुवातीची कूज निसटू शकते. त्यापुढे ३ मिमी टोकाची बारीक सुई लाकडात घुसवून रोध नोंदवणारं यंत्र. त्याचं प्रत्येक भोक झाडाने कुजीभोवती घातलेली भिंत ओलांडतं, म्हणून ज्या उत्तराने निर्णय बदलणार आहे तिथेच ते वापरावं.

"शेजारची झाडंही जातील"

हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि कोणती बुरशी आहे हे कळल्याशिवाय तो लागू करता येत नाही. गाभा कुजवणाऱ्या बहुतेक बुरश्या हवेतून येतात आणि आत शिरायला त्यांना झाडावर जखम हवी असते. शेजारी असणं हे कारण पुरेसं नसतं. पण आर्मिलारिया काळ्या दोरांनी आणि मुळांच्या स्पर्शाने पुढे सरकते. हेटेरोबॅसिडियन ताज्या खुंटावर रुजून मुळांवाटे शेजारच्या झाडात जाते, म्हणून सूचिपर्णी जंगलांत कापल्याबरोबर खुंटावर युरियाचं द्रावण किंवा फ्लेबिऑप्सिस ही स्पर्धक बुरशी लावतात. उष्ण प्रदेशात पायरोडर्मा नॉक्सियम बुंध्याभोवती तपकिरी-काळा मोजा चढवल्यासारखी दिसते आणि तीही मुळांच्या स्पर्शाने पसरते. या तिघींच्या बाबतीत झाड नुसतं वरून कापून भागत नाही. खुंट आणि जाड मुळं जमिनीत राहिली तर बुरशी त्यांवर वर्षानुवर्षं जगते. घाईने तोडणारे नेमकं हेच विसरतात.

मजकुरातलं "झाड संपलं" हे खरं ठरतं ते ताडवर्गीय झाडांवर. त्यांना कॅम्बियम नाही, ती भिंती घालू शकत नाहीत. गॅनोडर्मा झोनेटम खोडाचा खालचा सुमारे दीड मीटर भाग कुजवते, त्यावर उपाय नाही, आणि बुंध्यावर तिची अळंबी उगवली की ते झाड काढावंच लागतं. त्याच जागी पुन्हा ताडवर्गीय झाड लावू नका.

झाडाखाली मातीतून उगवणाऱ्या छत्र्या आणि खोडावरचे राखी-हिरवे पापुद्रेही याच भीतीत ओढले जातात. पापुद्रे दगडफुलाचे म्हणजे लायकेनचे असतात. ते सालीला फक्त चिकटतात, तिच्यातून अन्न घेत नाहीत. मातीतल्या छत्र्यांपैकी पुष्कळशा मुळांशी देवाणघेवाण करणाऱ्या किंवा पालापाचोळा कुजवणाऱ्या असतात. हलक्या हाताने उकरून पाहा: छत्री थेट मूळ किंवा खुंट यांवरून फुटली असेल तरच काळजी करा.

"शंका आली तरी तोडून टाका"

तोडण्याआधी चार गोष्टींचं उत्तर लागतं: बुरशी कोणती, झाड कोणतं, कूज कुठे आणि किती, आणि झाड पडलं तर कशावर पडेल. चौथा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मोकळ्या जागेतल्या पोकळ झाडाखालून बाक किंवा पायवाट हलवली तरी धोका संपतो, आणि ढोलीतले पक्षी, वटवाघळं, मधमाश्या तिथेच राहतात. जागा हलवता येत नसेल तर फांद्यांचा घेर बाहेरून थोडा कमी करून वाऱ्याचा भार घटवता येतो. लवकर कुजणाऱ्या जातींवर ५ सेंमीपेक्षा आणि चिवट जातींवर १० सेंमीपेक्षा जाड फांद्या कापू नका, आणि शेंडा तर मुळीच छाटू नका. अशा झाडाची वर्षातून किमान एकदा, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर, तीच जुनी नोंद हातात घेऊन पुन्हा पाहणी करा: अळंब्या वाढल्या का, नवी जागा धरली का, घेर विरळ झाला का.

काही खुणा मात्र थांबू देत नाहीत. बुंध्याभोवतीची माती एका बाजूला उचलली गेली किंवा तिच्यात अर्धवर्तुळाकार भेग पडली, झाड आधीपेक्षा जास्त कललं, खोडावर ताजी उभी चीर दिसली, किंवा क्रेट्झश्मारियाचा काळा पापुद्रा बुंध्याच्या मोठ्या भागाला वेढून बसला, तर आधी झाडाखालून माणसं आणि वाहनं हटवा, झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत जागा बंद करा, आणि त्याच दिवशी जाणकाराला बोलवा.